शेवटच्या डब्यातले गार्डआप्पा

"काही करत नाही तो."

सकाळी फिरायला जाणाऱ्या माणसानं हे वाक्य ऐकलं नसेल, तर तो फिरायला जातो असं घरी सांगून कोपऱ्यावर चहा पीत बसत असणार. परवा शिरूरला नदीकडच्या रस्त्यावर मी ते पुन्हा ऐकलं. वासराएवढं एक तपकिरी कुत्रं माझ्या दिशेनं सुसाट आलं, आणि त्याच्या मागून फोनवर बोलत, अगदी निवांत, त्याचा मालक आला. पट्टा होता, नव्हता असं नाही. चांगला जाडजूड, चामड्याचा. फक्त तो मालकानं स्वतःच्या गळ्यात उपरण्यासारखा टाकला होता. दोघांपैकी बांधायचं कोणाला, याचा निकाल त्या घरात बहुधा आधीच लागला असावा.

"घाबरू नका काकू, काही करत नाही तो," फोन कानापासून न हलवता मालक म्हणाला.

माझे पाय जागच्या जागी थांबले आणि उजवा हात आपोआप वर गेला, मूठ आवळलेली, जणू हातात काहीतरी धरलंय. त्या गृहस्थाला वाटलं मी त्याला मारायला निघाले आहे. त्यानं लगेच फोन खाली घेतला आणि कुत्र्याला हाक मारली, म्हणजे एवढ्यानंही काम झालं. पण त्याला काय सांगणार, की बाबा, ही दौंडला रोज बघून लागलेली सवय आहे आणि या मुठीत खरं तर लाल बावटा असायला हवा होता. मला गार्डआप्पांची आठवण आली आणि ती पुढं दिवसभर गेली नाही.

मी पंचायत समितीत नोकरीला. शिरूरच्या आधी काही वर्षं दौंडला होते. तिथल्या डॉक्टरांनी माझा रक्ताचा रिपोर्ट वाचून रोज सकाळी चालायला सांगितलं. ज्या तालुक्यात जिकडं बघावं तिकडं ऊस, तिथं एका बाईच्या रक्तात साखर वाढली तर तिचा काय दोष, असं मी विचारून पाहिलं. डॉक्टर हसले नाहीत. मग मी रेल्वे कॉलनीच्या मागून भीमेकडं जाणाऱ्या रस्त्यावर चालायला लागले.

त्या रस्त्यावर पूर्वी म्हणे बाजरी आणि कांदा असायचा. मी गेले तेव्हा प्लॉटिंग होऊन बंगले उभे राहिले होते. जमिनीचे पैसे आले की आधी बंगला येतो, मग गाडी, आणि मग शेजाऱ्याला दोन्ही दिसेनाशी झाली की कुत्रं. गावातल्या कुत्र्यांनी जन्मभर शेत राखलं, मेंढरं राखली, त्यांना भाकरीचा तुकडा मिळाला. ह्या नव्या कुत्र्यांना पंखा होता, शाम्पू होता. नव्हता तो फक्त पट्टा. प्रत्येक फाटकावर "कुत्र्यापासून सावध राहा" अशी पाटी. पाटी लावली की आपलं कर्तव्य संपलं, पुढचं सावध राहणाऱ्यानं बघून घ्यावं, अशी तिथली एकंदर समजूत होती.

सकाळी आम्ही पाच-सात जण एकत्र चालायचो. हा घोळका कोणी जमवला नव्हता. कुत्र्यांच्या भीतीनं माणसं आपोआप एकत्र येतात. घोळक्याच्या अगदी शेवटी, सगळ्यांपेक्षा बरंच अंतर ठेवून, एक उंच, वाळकेसे गृहस्थ चालत. पांढरा इस्त्रीचा शर्ट, पॉलिश केलेले काळे बूट, थंडी असो नसो एक मरून रंगाचा स्वेटर, आणि गळ्यात दोरीला शिट्टी. हे नामदेव शितोळे, रेल्वेतले निवृत्त गार्ड. सगळे त्यांना गार्डआप्पा म्हणत. रेल्वेनं अलीकडं गार्डला ट्रेन मॅनेजर म्हणायला सुरुवात केली आहे. आप्पांना ते कोणीतरी सांगितलं तेव्हा ते म्हणाले, मॅनेजर बँकेत असतात, त्यांच्यामुळं कुठली गाडी कधी सुटलेली ऐकली नाही.

मालगाडीपासून पॅसेंजरपर्यंत आप्पांनी सगळी नोकरी गाडीच्या शेवटच्या डब्यात काढली होती, आणि निवृत्त झाल्यावरही ते त्यातून उतरले नव्हते. लग्नाच्या पंगतीत ते शेवटच्या पानावर बसत. देवळात रांगेत मागून कोणी आलं तर त्याला पुढं जाऊ देत. रस्त्याच्या प्रत्येक मोरीपाशी थांबून पुढचे सगळे आहेत ना हे नजरेनं बघत आणि मगच पाय उचलत. कोपऱ्यावरचा चहावाला आमच्यासाठी आधण ठेवायचा तो आप्पांचा मरून स्वेटर दिसल्यावर. गाडीच्या शेवटच्या डब्यावर फुली असते, ती दिसली की गाडी अख्खी गेली असं समजतात. आमची फुली म्हणजे तो स्वेटर.

त्यांच्या पत्नी, सुमनकाकी, मात्र घोळक्याच्या पुढच्या टोकाला असायच्या. ठेंगण्या, भराभर चालणाऱ्या, नदीपर्यंत जाऊन पाण्यात पाय बुडवल्याशिवाय मागं न फिरणाऱ्या. आमच्याकडं नवरा पुढं आणि बायको दहा पावलं मागं, अशी चालायची रीत. तीत हे जोडपं बरोबर उलटं होतं. आम्हा बायकांना त्याचं फार कौतुक. मी एकदा काकींना तसं बोलूनही दाखवलं. त्या नुसतं "हं" म्हणाल्या. त्या "हं"मध्ये काय काय भरलं होतं ते मला फार पुढं कळलं.

त्या रस्त्यावरचा सगळ्यात मोठा बंगला बबनशेठचा. बबनशेठ ग्रामपंचायतीच्या निवडणुकीला उभे राहिले होते आणि पडले होते. माणूस हार मानणारा नव्हता. गावानं सरपंच होऊ दिलं नाही, तर त्यांनी घरात सरपंच आणला. काळं, रुंद छातीचं, विदेशी जातीचं ते कुत्रं सकाळी फाटक उघडलं की रस्त्यावर येई आणि बबनशेठ व्हरांड्यात दात घासत कौतुकानं बघत बसत. कोणी काही बोललं की ठरलेलं उत्तर, सरपंच काही करत नाही. यावर मी एकदा म्हटलं, तो अनुभव आम्हाला नवीन नाही. शेठना ते कळायला थोडा वेळ लागला आणि मग ते मोठ्यानं हसले, कारण हरलेल्या उमेदवाराला निवडून आलेल्याची चेष्टा फार गोड लागते.

एका सकाळी सरपंच फाटकातून निघाला तो सरळ काकींवर. दोन्ही पंजे त्यांच्या छातीवर. काकी मोरीच्या कठड्यावर पडल्या. मनगटाचं हाड मोडलं आणि गुडघ्याला जबर मार बसला. आम्ही आरडाओरडा करत पोचलो, आप्पा सगळ्यांत मागून धावत आले. कुत्रं शेपटी हलवत काकींच्या भोवती फिरत होतं. तोंडात ब्रश तसाच ठेवून बबनशेठ बाहेर आले, जमिनीवर पडलेल्या बाईकडं त्यांनी पाहिलं, फेस बाजूला थुंकला आणि म्हणाले, "काय करत न्हाई वो तो. खेळतो नुसता. त्या घाबरल्या म्हणून पडल्या."

आप्पांनी काकींना उठवलं, रिक्षात बसवलं, आणि रिक्षात स्वतः शेवटी चढले.

प्लास्टर निघालं, मनगट जुळून आलं, पण काकी उंबऱ्याबाहेर पडेनात. दारात खुर्ची टाकून बसायच्या. डॉक्टरांनी आप्पांना स्पष्ट सांगितलं होतं की यांचा गुडघा चालता ठेवा, ही बाई आत्ता बसली तर कायमची बसेल. भराभर चालणारी बाई खुर्चीत रुतत चालली होती, आणि आप्पांना ते रोज दिसत होतं. त्यांनी ठरवलं की कुत्र्यांच्या भीतीनं ती बाहेर येत नाही, तर आधी कुत्र्यांचा बंदोबस्त करायचा. रस्ता मोकळा झाला की ती येईल. माणूस रेल्वेचा, त्याला उपायही रेल्वेचाच सुचला.

त्यांनी काकींकडूनच दोन बावटे शिवून घेतले. बोटांना व्यायाम होईल असं निमित्त सांगून. लाल बावटा एका ब्लाउजपीसचा, हिरवा कुठल्यातरी ओटीत आलेल्या खणाचा. दुसऱ्या दिवसापासून आप्पांच्या काखेत ते दोन बावटे दिसू लागले. त्यांची पद्धत साधी होती. मोकळं कुत्रं दिसलं की शिट्टी, आणि लाल बावटा वर. घोळका जिथल्या तिथं उभा. मालक येऊन पट्टा बांधेपर्यंत कोणी पाऊल उचलायचं नाही. पट्टा बांधला की हिरवा. मागून दुधाच्या गाड्या, शाळेच्या व्हॅन, कंपनीच्या बस येऊन थांबत आणि हॉर्न वाजवत. आप्पा कोणाकडं न बघता बावटा धरून उभे. ड्रायव्हर विचारत, काय झालंय. आप्पा बंगल्याकडं बोट दाखवून सांगत की सिग्नल त्या साहेबांकडं आहे, ते नाइट पँट शोधायला आत गेले आहेत. मग ड्रायव्हर आपले हॉर्न त्या बंगल्याच्या दिशेनं वाजवत.

आणखी एक खोड अशी की आप्पा कुत्र्याशी अहो-जाहो बोलत आणि मालकाला अरे-तुरे करत. "बसा, बसा, तुमच्यावर राग न्हाई," ते एखाद्या अल्सेशियनला अदबीनं म्हणत. मग नजर वर करून मालकाला विचारत, "आन् तू रं? तुला कुणी मोकळा सोडला?" मालक चिडायचे. पण पांढऱ्या शर्टातला, शिट्टी गळ्यात असलेला म्हातारा हातघाईवर येत नाही, आवाज चढवत नाही आणि हलतही नाही, तर त्याच्याशी भांडायचं कसं हे त्यांना सुचत नसे.

कुरकुंभच्या एका कंपनीतले साहेब होते. शिकलेले, इंग्रजीतून कुत्र्याशी बोलणारे. त्यांच्या कुत्र्याचा सकाळचा विधी रोज दुसऱ्याच्या फाटकासमोर होई आणि साहेब त्या वेळी आकाशाकडं बघत, पक्षिनिरीक्षणाचा छंद असल्यासारखे. आप्पांनी एकदा गोड शब्दांत सांगितलं. साहेब म्हणाले, ग्रामपंचायतीचे झाडूवाले आहेत ना. दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पांनी खराट्यानं आणि सुपलीनं तो ऐवज उचलला, वर्तमानपत्रात बांधला, वरून सुतळी गुंडाळली आणि साहेबांची बेल वाजवली. दार साहेबांच्या सासूबाईंनी उघडलं. पाहुण्या आलेल्या, सोवळ्याच्या. आप्पांनी पार्सल दोन्ही हातांनी पुढं केलं आणि सांगितलं की आपला माल रस्त्यात उतरला होता, बेवारस माल मालकाला पोचवायचा असा रेल्वेचा नियम आहे. सासूबाईंना वाटलं गावाकडून पेढे आले. त्यांनी ते देवापुढं ठेवलं. पुढं काय झालं ते त्या घराच्या भिंतींनाच ठाऊक, पण त्या दिवसापासून साहेब खिशात पिशवी घेऊन फिरू लागले आणि त्यांचं पक्षिनिरीक्षण कायमचं बंद पडलं.

रोज परतल्यावर आप्पा दारातल्या खुर्चीपुढं उभे राहून काकींना खबर देत. आज कोणकोण बांधलेले होते, कुठं लाल दाखवावा लागला. शेवटी विचारत, उद्या येता का. काकी म्हणत, बघू. तो "बघू" ऐकून आप्पा दुसऱ्या दिवशी आणखी कडक होत.

रस्ता सुधारत होता, एक बबनशेठ सोडून. लाल बावटा बघून ते व्हरांड्यातूनच हात हलवत, जणू आम्ही त्यांना मानवंदना द्यायला थांबलो आहोत. आप्पांनी ग्रामपंचायतीत तोंडी तक्रार केली. तिथं खऱ्या सरपंचांनी सांगितलं की बबनशेठना काही बोलायला गेलं तर राजकारण होईल. एका कुत्र्यामुळं दोन गट पडायला नकोत. बाईचं मनगट मोडलं ते चाललं.

तेवढ्यात कोपऱ्यावर फ्लेक्स लागला. आमच्याकडं फ्लेक्स कोणाचाही लागतो, बैलाचा लागतो, नव्या जेसीबीचा लागतो, त्यामुळं सरपंचाचा लागला यात कोणाला नवल वाटलं नाही. मध्यभागी गळ्यात सोनेरी साखळी घातलेलं ते काळं थोबाड, खाली "वाढदिवसाच्या कोटी कोटी शुभेच्छा", आणि त्याखाली काळे गॉगल लावलेला मित्रपरिवार. मित्रपरिवारापेक्षा सत्कारमूर्तीचा चेहरा जास्त समंजस दिसत होता. संध्याकाळी बंगल्यापुढं मांडव, साउंड, केक आणि आचारी. गल्लीला सरसकट निमंत्रण.

आप्पा आले. फेटा बांधून, शर्टाला नवी इस्त्री, हातात खोका. आम्ही सगळे धास्तावलो. एवढ्या माणसांत हा म्हातारा शिट्टी वाजवणार आणि मार खाणार असं मला वाटलं. पण आप्पांनी माइक मागितला आणि म्हणाले की त्यांना सत्कार करायचा आहे. आता, आमच्या भागात काहीही नाकारता येतं, सत्कार नाकारता येत नाही. शाल आणि नारळ घेऊन शत्रू जरी पुढं आला, तरी मान खाली घालून उभं राहायचं आणि फोटोकडं बघायचं, हे लहानपणापासून रक्तात भिनलेलं असतं. बबनशेठ लगेच सावरून उभे राहिले. सरपंचाला खुर्चीवर बसवलं.

आप्पांनी कुत्र्याला शाल पांघरली. नारळ दिला, तो त्यानं हुंगला. मग खोका उघडून त्यांनी एक नवाकोरा, रुंद, पितळी कड्यांचा पट्टा बाहेर काढला, सगळ्यांना दिसेल असा वर धरला, कुत्र्याच्या गळ्यात घातला आणि त्याची दोरी बबनशेठपुढं केली.

"शेठ, हे टोक तू धर," माइकवरून आप्पा म्हणाले. "एका बाजूनं सत्कार पुरा होत न्हाई."

फोटोवाला समोर, मोबाइल वर झालेले, टाळ्या सुरू झालेल्या. शेठनं टोक धरलं. इतकंच नाही, हसलेसुद्धा. मग आप्पांनी भाषण केलं. सरपंचांच्या सहनशीलतेचं त्यांनी कौतुक केलं. एवढी वर्षं ते एका बेजबाबदार प्राण्याला सांभाळत आहेत, त्याला रोज सकाळी व्हरांड्यात एकट्याला सोडून जाताना त्यांच्या जीवाला किती घोर लागत असेल, म्हणून दोघांना बांधून ठेवणारी ही छोटी भेट, असं ते अगदी गंभीरपणे म्हणाले. मांडवात पहिल्यांदा बायका हसल्या, मग आचारी, मग गॉगलवाला मित्रपरिवार. शेठना मात्र काही हसू आलं नाही.

तो फोटो रात्रीतून गावभर फिरला. दुसऱ्या दिवसापासून जो तो शेठला विचारू लागला, सत्काराचा पट्टा कुठाय? दूधवाला विचारी, न्हावी विचारी, खुद्द खऱ्या सरपंचांनी भर चौकात विचारलं. निवडणुकीची हौस अजून जिरली नसलेल्या माणसाला एवढी माणसं एकदम नाराज करून चालत नाही. आठवड्याच्या आत बबनशेठ सकाळी, पट्टा हातात धरून, कुत्र्यामागं ओढले जाताना दिसू लागले. चांगलाच घाम यायचा त्यांना. पोटही जरा कमी झालं.

आप्पा त्या दिवशी जवळजवळ धावतच घरी गेले. मीही मागोमाग गेले होते, काकींना शेपूची जुडी द्यायची होती. आप्पा खुर्चीपुढं उभे राहिले आणि लाइन क्लियर असल्याचं त्यांनी जाहीर केलं. नदीपर्यंत एकही मोकळं कुत्रं नाही. आता उद्या चला.

काकींनी शेपू घेतला, मांडीवर ठेवला आणि निवडायला लागल्या. मी निघावं की थांबावं अशा अवघड जागी दारात उभी होते. काकींनी मान वर केली नाही.

"मी कुत्र्याला भिऊन घरात बसले, आसं वाटतंय व्हय तुम्हाला?" त्या म्हणाल्या.

आप्पा गोंधळले. मग काय, असं त्यांनी विचारलं.

"पडले तवा मी मागं बघितलं. तुम्ही लांब हुता." काकी शेपूच्या काड्या मोडत राहिल्या. "थोरलीच्या बाळंतपणाला तुम्ही गाडीवर. धाकटा तापानं फणफणला तवा गाडीवर. कवा बोलले न्हाई, नोकरी हुती. आता कुठं गाडी हाय? तुम्ही मागनं समद्यांना सांभाळता. पुढनं जे येतं, ते माझ्याच अंगावर येतं."

दौंड जंक्शनच्या बाजूनं कुठल्यातरी गाडीचा भोंगा ऐकू येत होता. आप्पांच्या काखेतले दोन्ही बावटे खाली पडले आणि त्यांनी ते उचलले नाहीत. जन्मभर ज्या गोष्टीला हा माणूस आपलं कर्तव्य समजत आला, तीच त्या बाईचं दुखणं होती, आणि बिचाऱ्यानं ते बरं करायला गावातली सगळी कुत्री बांधून काढली होती. मला त्यांच्याकडं बघवेना. मी उद्या येते म्हणून निघाले.

दुसऱ्या दिवशी चहावाल्यानं आधण ठेवायला उशीर केला, कारण मरून स्वेटर त्याला भलत्याच जागी दिसला. आप्पा घोळक्याच्या पुढं होते. ताठ, भेदरलेले, दर चार पावलांनी मागं वळून बघणारे. आणि त्यांच्या मागून, भिंतीला धरत, लंगडत, सुमनकाकी. मोरीपाशी आल्यावर काकी थांबल्या. तीच मोरी.

"पुढं नका जाऊ," त्या म्हणाल्या. "शेजारी चाला." आणि त्यांनी आप्पांचा हात धरला.

आता शेजारी चालायचं म्हणजे काय, हे त्या गृहस्थांना खरोखर येत नव्हतं. ते एकदा पुढं जायचे, एकदा मागं राहायचे, त्यांचा खांदा काकींना लागायचा, बूट चपलेवर पडायचा. काकी चिडायच्या, "आवो, पाय बघा की." रस्त्यावरचे लोक वळून बघत होते, कारण आमच्याकडं पन्नाशीच्या पुढचं जोडपं असं खांद्याला खांदा लावून चालत नाही. वयात आलेली मुलं चालतात, तीसुद्धा गावाबाहेर. एका फाटकातून मोकळं कुत्रं डोकावलं. आप्पांनी सवयीनं बावट्यासाठी हात सोडवायला बघितला. काकींनी तो सोडला नाही. शेवटी त्यांनीच आपल्या दुखऱ्या मनगटाच्या हातानं त्यांच्या काखेतला लाल बावटा उपसला आणि वर धरला.

त्या दिवशी दोघं नदीपर्यंत काही पोचली नाहीत. दुसऱ्या मोरीपासून परतली. नदीला पोचायला त्यांना बरेच आठवडे लागले. काकींनी पाण्यात पाय बुडवले तेव्हा आप्पाही बूट काढून पाण्यात उतरले. मोजे काढायचे मात्र विसरले.

पुढं माझी बदली शिरूरला झाली. सामानाचा टेम्पो सकाळी लवकर निघाला आणि मी ड्रायव्हरशेजारी बसले होते. नदीकडच्या रस्त्याला लागलो तर समोर आमचा घोळका रस्त्यात उभा. मी कालपासून चालायला गेले नव्हते, तेवढ्यात त्यात नवी माणसं आली होती. टेम्पो थांबला. मागं दुधाची गाडी थांबली. ड्रायव्हर वैतागला. ही म्हातारी बावटा घेऊन मधेच का उभी आहे, असं त्यानं मला विचारलं.

काकींच्या हातात लाल बावटा होता. एका बंगल्यातून नुकतंच राहायला आलेलं कोणीतरी, अंगात बनियन, हातात पट्टा, आपल्या कुत्र्यामागं धावत होतं आणि ओरडत होतं की तो काही करत नाही. काकी हलल्या नाहीत. त्यांच्या शेजारी, अगदी लागून, आप्पा उभे होते. शिट्टी गळ्यात नव्हती. दोन्ही हात गुंतले होते, एका हातात काकींचं कोपर आणि दुसऱ्या हातात काकींची चप्पल, बहुधा अंगठा तुटला असावा. मी खिडकीतून हाक मारली. आप्पांनी माझ्याकडं बघितलं, ओळखीचं हसले, आणि मागं वळून नजरेनं टेम्पो, दुधाची गाडी, त्यामागची व्हॅन, सगळं आलंय का ते पाहून घेतलं. सवय कुठं जाते.

कुत्र्याला पट्टा लागला. काकींनी आप्पांच्या काखेतून हिरवा बावटा ओढून काढला आणि आम्हाला दाखवला. आमचा टेम्पो हलला आणि ती दोघं मागं राहिली, चालायला लागली, शेजारी शेजारी, एकाच ओळीत.